उजेड आणि अंधार एका चित्रांत

दुपारीं बाराच्या सुमारास जुन्या वाड्याच्या माजघरांत उभें राहून ओटीपलीकडील अंगणाकडे पाहिलें, तर डोळ्यांना दोन्ही जागा एकदमच दिसतात. माजघरांतलें फडताळ, त्यांतील पितळी डबे, कोपऱ्यांतलें जातें हीं दिसतात, आणि अंगणांतलें तुळशीवृंदावन व त्यावर पडलेलें कडक ऊनही दिसतें. तेथूनच एक छायाचित्र काढावें, तर मात्र निराळाच प्रकार होतो. कॅमेऱ्यानें माजघराची बाजू घेतली, तर दाराच्या चौकटींत तुळशीच्या जागीं पांढरा डाग उमटतो. अंगणाची बाजू घेतली, तर माजघर शाई सांडल्यासारखें काळें होतें. डोळ्यांना जें सहज साधतें तें यंत्राला कां साधूं नये, या प्रश्नांतून छायाचित्रणाची जी रीति निघाली, तिला इंग्रजींत 'हाय डायनॅमिक रेंज फोटोग्राफी' आणि संक्षेपानें 'एच्. डी. आर्.' असें म्हणतात. मराठींत तिला विस्तृत प्रकाशपल्ल्याचें छायाचित्रण म्हणतां येईल. नांव जड आहे. पण छंद म्हणून ही रीति कोणाही चिकाटीच्या माणसाच्या आटोक्यांतली आहे. आटोक्यांत राहत नाहीं तो तिच्या पोटांत दडलेला प्रश्न: उजेडाचें आणि अंधाराचें खरें प्रमाण कोणतें, आणि तें कोणीं ठरवावयाचें?

डोळा हा कॅमेऱ्याहून उत्तम यंत्र आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. डोळा स्थिर राहत नाहीं. तो क्षणांत फडताळाकडे वळतो, क्षणांत अंगणाकडे. जेथें वळतो तेथील उजेडाप्रमाणें बाहुली लहानमोठी होते, आंतला पडदाही आपली संवेदनशक्ति कमीअधिक करतो, आणि या सर्व तुकड्यांचें एक अखंड दृश्य मन शिवून देतें. शिवण इतकी बारीक असते कीं ती कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. कॅमेरा बिचारा एकदांच उघडतो आणि सर्व कांहीं एकाच मापानें मोजतो. तेव्हां अनेक चित्रांचें एक चित्र करण्याची युक्ति मूळची डोळ्याचीच आहे. छायाचित्रकारानें ती उशिरां उचलली इतकेंच.

या मापाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. छायाचित्रणांत उजेड पायरीपायरीनें मोजतात व पायरीला 'स्टॉप' म्हणतात. प्रत्येक पायरी तिच्या खालच्या पायरीहून दुप्पट उजेडाची. दोन पायऱ्या म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट, दहा म्हणजे १०२४ पट. भर दुपारच्या उन्हाचा जमिनीवर पडणारा उजेड सुमारें १ लाख लक्स भरतो; पौर्णिमेच्या चांदण्याचा अवघा पाव लक्स. दोहोंत चार लाख पटींचें, म्हणजे अठरा-एकोणीस पायऱ्यांचें अंतर आहे. तरी चांदण्यांत माणूस वाट चुकत नाहीं आणि उन्हांत आंधळा होत नाहीं. चांगला आधुनिक कॅमेरा एका चित्रांत बारा ते चौदा पायऱ्या सांभाळतो. कागदावरील छापाला तर सहा-सात पायऱ्यांपलीकडे फारसें जातां येत नाहीं, कारण पांढऱ्यांत पांढरा कागद आणि काळ्यांत काळी शाई घेतली तरी त्यांच्यांत शंभर-दीडशें पटींच्या आसपासच अंतर पडतें.

कॅमेऱ्यांत पूर्वीं जेथें फिल्म असे तेथें आतां 'सेन्सर' असतो. तो कसें काम करतो हें पावसाळ्यांतील एका उदाहरणानें समजेल. चौकांत हजारों लहान वाट्या ओळीनें मांडून ठेवाव्या, घटकाभर पाऊस पडूं द्यावा, आणि मग कोणत्या वाटींत किती पाणी सांचलें तें मोजावें. जी वाटी भरून वाहूं लागली तिच्यांत खरोखर किती पाऊस पडला हें सांगतां येत नाहीं. शेजारच्या वाटींत त्याच्या दुप्पट पडला असला तरी तीही तितकीच भरलेली दिसते. चित्रांतला पांढरा डाग तो हाच. उलट, ज्या वाटींत दोनचारच थेंब पडले तिच्यांत पावसाचें पाणी किती आणि वाटीचा मूळचा ओलावा किती, हें निवडतां येत नाहीं. अंधाऱ्या भागांत जी रवाळ खरखर दिसते तिचें कारण हें. यांत आणखी एक मेख आहे. कॅमेरा उजेडाच्या १६,३८४ छटा ओळखतो असें जाहिरातींत सांगतात, आणि तें खोटें नसतें. पण त्यांपैकीं अर्ध्या, म्हणजे ८,१९२, एकट्या सर्वांत वरच्या पायरीच्या वांट्याला जातात, दुसरीला ४,०९६ मिळतात, आणि असें निम्में निम्में होत दहाव्या पायरीला अवघ्या १६ उरतात. सावलींतील भाग मागाहून ताणून उजळूं गेल्यास तो विटका आणि डागाळलेला दिसतो, तो या दारिद्र्यामुळें. म्हणून सावलीसाठीं वेगळें, अधिक वेळ उघडें ठेवलेलें चित्र घ्यावें, आणि उन्हासाठीं वेगळें.

हा उपाय संगणकाच्या काळांत सुचला असें मात्र नाहीं. १८५० नंतरच्या दशकांत छायाचित्रें काचेवर घेत, आणि त्या काचेवरील कोलोडियनचा लेप निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच तेवढा चटकन् वश होई. परिणामीं जमीन किंवा समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश जळून कोरें पडे. त्या काळच्या कित्येक देखाव्यांत ढगच नाहींत ते यामुळें. पॅरिसच्या गुस्ताव्ह ल ग्रे यानें यावर तोड काढली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेत या बंदरीं १८५७ सालीं त्यानें उसळत्या लाटेचें जें प्रसिद्ध चित्र केलें, त्यांत समुद्राची काच एक आणि आकाशाची दुसरी आहे. दोन्ही एकाच कागदावर छापून त्यानें सांधा क्षितिजाच्या रेषेवर बसविला. पुढें एका आकाशाची काच त्यानें एकाहून अधिक समुद्रांनाही जोडली. म्हणजे युक्तीबरोबर वादाचें बीजही तेव्हांच पडलें. ज्या लाटेवर तो ढग कधीं आलाच नव्हता, तिचें चित्र खरें मानावें कीं नाहीं?

पुढल्या शतकांत छायाचित्रकार अंधाऱ्या खोलींत कागदावर उजेड पडत असतांना मध्येंच हाताचा किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याचा आडोसा धरून कांहीं भाग फिके ठेवीत व कांहीं गडद करीत. अमेरिकेंत ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनीं १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशी एक शिडी ठरविली, आणि कोणता खडक तिच्या कोणत्या पायरीवर बसवावयाचा याचा निर्णय कळ दाबण्यापूर्वींच घ्यावा अशी शिस्त घालून दिली. चार्ल्स वायकॉफ यानें अणुस्फोटांच्या छायाचित्रांसाठीं कमीअधिक संवेदनशक्तीचे थर एकावर एक चढविलेली फिल्म केली. एक थर दिपून गेला तरी दुसरा आपलें काम करी. पण या सर्व खटाटोपांत हाताचें कसब फार लागे, आणि सांधा लपविण्याची चिंता कायमची असे.

संगणकानें सांध्याचा प्रश्न सोडविला. स्टीव्ह मॅन व रोझलिंड पिकार्ड यांनीं १९९५ सालीं, आणि बर्कले येथील पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनीं १९९७ सालीं त्याची गणिती रीति मांडली. तिचें सार सोपें आहे. एकाच दृश्याचीं कमीअधिक वेळाचीं अनेक चित्रें घ्यावीं. चित्रांतील प्रत्येक बिंदूसाठीं ज्या चित्रांत वाटी भरून वाहिली नाहीं आणि अगदीं कोरडीही राहिली नाहीं, त्यांच्या साक्षीला अधिक वजन द्यावें. मोजलेल्या पाण्याला वेळानें भागावें, म्हणजे पावसाचा खरा जोर कळतो. असें सर्व बिंदूंचें केलें कीं दृश्यांतील उजेडाचा एक नकाशा तयार होतो. त्यांत सांधा असा कोठेंच नसतो.

प्रत्यक्षांत हें कसें करतात, तें एका स्थळावरून पाहणें बरें. लोणावळ्याजवळील कार्ल्याचें चैत्यगृह हें या छंदाच्या कसोटीचें उत्तम ठिकाण आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं डोंगर कोरून केलेला हा मंडप जवळजवळ ४५ मीटर लांब असून, आंत येणारा बहुतेक उजेड पश्चिमेकडील घोड्याच्या नालाच्या आकाराच्या एका मोठ्या गवाक्षांतून येतो. मागें स्तूपाजवळ जाऊन दाराकडे तोंड केलें, कीं एका चौकटींत तीन जगें येतात: गवाक्षाबाहेरील झगझगीत आकाश, मधल्या खांबांच्या माथ्यावरचे हत्ती व त्यांवरील स्वार, आणि खांबांमागच्या चिंचोळ्या वाटांतला दाट काळोख. शिवाय छताला प्राचीन लाकडी कमानी आहेत, त्या तर साध्या छायाचित्रांत बहुधा हरवूनच जातात.

येथें हौशी छायाचित्रकार पांच चित्रें घेतो. त्या वेळांत कॅमेरा तसूभरही हलतां कामा नये. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांतील स्मारकांत तिपाई लावावयाची तर आधीं परवानगी काढावी लागते. ती नसेल तर वाळूची किंवा तांदळाची लहान पिशवी जमिनीवर ठेवून तिच्यांत कॅमेरा रुतवून बसवितात. कोरीव कामावर कॅमेरा टेकविणें हा मात्र अपराधच समजावा. बोटाच्या दाबानेंही धक्का बसतो, म्हणून दोन सेकंदांनीं आपोआप चालणारी कळ लावतात. भिंगाचें छिद्र पांचही चित्रांत एकच ठेवावयाचें. तें बदललें कीं जवळची वस्तु किती रेखीव आणि दूरची किती पुसट याचें प्रमाणच पालटतें, आणि चित्रें एकमेकांवर चपखल बसत नाहींत. बदलावयाचा तो फक्त वेळ. पहिलें चित्र सेकंदाच्या साठाव्या भागाचें, दुसरें पंधराव्या भागाचें, तिसरें पाव सेकंदाचें, चौथें एका सेकंदाचें, पांचवें चार सेकंदांचें. प्रत्येक वेळीं चौपट, म्हणजे दोन पायऱ्या. पहिल्यांत बाहेरचें आकाश निळें उमटतें आणि आंत सर्वत्र रात्र असते. पांचव्यांत गवाक्ष भट्टीसारखें पेटलेलें दिसतें, पण छताची एक एक कमान मोजून घ्यावी. मधलीं तीन चित्रें या दोहोंमधले पूल होत. पहिल्या आणि शेवटच्या चित्रांत आठ पायऱ्यांचें अंतर पडलें. कॅमेऱ्याच्या मूळच्या पल्ल्यांत तेवढी भर पडते.

शेजारींच एकवीरा देवीचें देऊळ असल्यामुळें येथें माणसांची ये-जा सतत असते. चैत्राच्या यात्रेंत तर विचारूंच नये. पहिल्या चित्राच्या वेळीं दारापाशीं असलेली बाई पांचव्याच्या वेळीं खांबापाशीं पोंचते, आणि जोडलेल्या चित्रांत ती दोन्ही ठिकाणीं अर्धवट, आरपार दिसणारी अशी उमटते. या दोषाला इंग्रजींतही 'घोस्ट' म्हणजे भूतच म्हणतात. तें उतरविण्याचे मंत्र संगणकाजवळ आहेत. त्या जागेपुरतें एकच चित्र प्रमाण मानावयाचें, कीं झालें. परंतु सकाळीं लवकर जाणें हा त्याहून चांगला उपाय. त्या वेळीं गर्दी नसते, आणि मागें डोंगर असल्यामुळें गवाक्षांतून येणारा उजेडही मवाळ असतो.

चित्रें घरीं आणून जोडण्यास 'ल्युमिनन्स एच्. डी. आर्.' किंवा 'ह्यूगिन' यांसारखीं विनामूल्य साधनें आहेत. खर्चाची सबब येथें चालत नाहीं. खरी अडचण यानंतर सुरू होते. उजेडाचा जो नकाशा हातीं आला त्याचा पल्ला वीस पायऱ्यांचाही असूं शकतो, आणि दाखवावयाचें तर सहा-सात पायऱ्यांच्या कागदावर, किंवा त्याहून थोड्या अधिक पायऱ्यांच्या पडद्यावर. नऊवारी लुगडें विताएवढ्या पेटींत ठेवावयाचें म्हणजे त्याच्या घड्या घालाव्या लागणार. त्या कोठें घालाव्या हें ठरविणें, यांतच या छंदाची सारी कला आहे. सगळीकडे सारख्याच घातल्या तर चित्र धुक्यांतल्यासारखें फिकें व निर्जीव होतें. म्हणून दुसरी रीति निघाली: प्रत्येक भाग त्याच्या शेजाऱ्याच्या मानानें पाहावयाचा, काळोखांतला भाग काळोखापुरता उजळावयाचा, आकाश आकाशापुरतें उतरवावयाचें. हिनें तपशील विलक्षण उठून येतो. पण हात जरा सैल सुटला कीं गडद शिखराच्या कडेनें उजेडाची एक प्रभावळ दिसूं लागते, जणूं डोंगराला कोणी मखर बांधलें आहे. २००७ सालीं टॉम मर्टेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिसरी वाट दाखविली. तींत नकाशा करावयाचाच नाहीं. पांचही चित्रांतून जेथला भाग जेथें चांगला उमटला असेल तेथून तो उचलून हळुवारपणें मिसळावयाचा. नवशिक्यानें हिच्यापासूनच आरंभ करावा, कारण हिच्यांत चित्र बिघडविण्यास वाव कमी आहे.

बिघडविणें हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. २००३ नंतर हीं साधनें घरोघरीं पोंचलीं आणि थोड्याच वर्षांत एक साथ पसरली. प्रत्येक ढग वादळी, प्रत्येक भिंत शेवाळलेली, प्रत्येक म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचें खोदकाम. सावली म्हणून कोठें उरलीच नाहीं. कांहीं लोकांना हें आवडतें, आणि चित्रकाराच्या स्वातंत्र्याला हरकत घेण्याचें कारण नाहीं. कल्पनाचित्र म्हणून कोणीं तसें करावें. पण कार्ल्याच्या लेण्यांत हा प्रयोग केला तर काय होतें तें पाहण्यासारखें आहे. बांधणाऱ्यांनीं प्रचंड अंधारा मंडप कोरला आणि त्याला एकच डोळा ठेवला. तो उजेड स्तूपावर पडावा आणि बाकीचें त्याच्या मानानें मागें राहावें, असाच त्या रचनेचा परिणाम आहे. सगळे खांब, सगळे कोपरे सारखेच उजळून निघाले तर चैत्यगृह आगगाडीच्या स्टेशनावरील मुसाफिरखान्यासारखें दिसतें. प्रत्येक हत्ती स्पष्ट दिसतो, आणि लेणें दिसत नाहीं.

सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचें १९४५-४६ च्या सुमाराचें, हातांत दिवा घेतलेल्या स्त्रीचें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. पुष्कळ लोक तें राजा रविवर्म्याचें समजतात, ही हळदणकरांवर झालेली एक हकनाक कुरघोडी होय. एका हातांत दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस प्रकाश, आणि चेहऱ्यावर त्याची झांक. चित्र जलरंगांतलें, म्हणजे कोऱ्या कागदाहून अधिक उजळ असें कांहीं त्यांत असूंच शकत नाहीं. तरीही दिवा जळतो आहे असें वाटतें, कारण भोवतालचें सर्व त्यांनीं निर्धारानें दबवून ठेविलें. पल्ला कागदाचाच, सहा-सात पायऱ्यांचा. पण त्या कोठें खर्च करावयाच्या आणि कोठें राखावयाच्या हें त्यांना ठाऊक होतें. पांच चित्रें जोडणाऱ्या हौशी माणसानें संगणकासमोर बसण्यापूर्वीं हें चित्र पाहून घ्यावें.

आतां कोणी म्हणेल कीं एवढा उपद्व्याप हवा कशाला. खिशांतला फोन हें सर्व आपोआप करतो. तें खरें आहे. २०१० सालीं आयफोननें तीन चित्रें जोडण्याची सोय आणली; २०१३ सालीं गूगलनें त्याहून चतुर रीति आणली, तींत पाठोपाठ अनेक चित्रें मुद्दाम थोड्या उजेडाचीं घेऊन, म्हणजे कोणतीही वाटी वाहूं न देतां, तीं एकमेकांवर बसवून खरखर कमी करतात. हात हलला तरी चालतें. लग्नांतल्या पंगतीचें किंवा खिडकींत बसलेल्या नातवाचें चित्र फोननें काढावें हेंच शहाणपणाचें. मात्र तेथें घड्या फोन घालतो. किती अंधार ठेवावा हें दूर देशीं बसलेल्या कोणा इंजिनियरनें सर्वांसाठीं एकदांच ठरवून टाकलेलें असतें, आणि त्याचा कल सहसा सर्व कांहीं दाखविण्याकडे असतो. ज्याला तो निर्णय स्वतः घ्यावासा वाटतो त्याच्यासाठीं हा छंद आहे. दूरदर्शन संचांवर हल्लीं तींच तीन अक्षरें लिहिलेलीं दिसतात, पण ती गोष्ट वेगळी: तेथें पडद्याचाच पल्ला वाढविलेला असतो, म्हणून घड्या कमी घालाव्या लागतात.

ही सारी रीति म्हणजे चित्राला केलेला शृंगार, असा ज्यांचा ग्रह होतो त्यांनीं ग्रहणाचें उदाहरण पाहावें. खग्रास सूर्यग्रहणांत सूर्याभोवतीं जो प्रभामंडल दिसतो, त्याचा उजेड कडेपासून बाहेर जातां जातां हजार पटींहूनही अधिक उतरतो. २२ जानेवारी १८९८ रोजीं अशा ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. विजयदुर्गास इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर येऊन राहिले, आणि सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील कावसजी दादाभाई नायगमवाला व अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळी यांनीं तळ दिला. त्या काळींही ग्रहणाच्या वेळीं थोड्या वेळाच्या आणि अधिक वेळाच्या अशा निरनिराळ्या काचा घेत. पहिल्यांत सूर्याच्या कडेवरील ज्वाला मिळत, दुसऱ्यांत बाहेरचे लांब फांटे. पण दोन्ही एका काचेवर येत नसत. मग कुशल चितारी त्या काचा समोर घेऊन हातानें एक जोडचित्र काढीत, आणि ज्योतिषी तेंच प्रमाण धरीत.

आज हें काम चेक देशांतील ब्रनो येथील गणिती मिलोस्लाव्ह ड्रुकम्युलर हे संगणकानें करतात. खग्रास अवस्था कांहीं मिनिटांचीच असते. तेवढ्यांत सेकंदाच्या अल्पांशापासून कित्येक सेकंदांपर्यंत अनेक चित्रें घेतलेलीं असतात, आणि पुढें तीं जोडण्यास पुष्कळ दिवस लागतात. त्यांत प्रभामंडलाचे रेशमासारखे धागे सूर्याच्या कडेपासून थेट दूरवर गेलेले दिसतात. एकट्या छायाचित्रांत ते कधींच आले नसते. मध्यें असलेली चंद्राची तबकडीसुद्धां अगदींच काळी नसते. पृथ्वीवरून परतलेल्या उजेडांत तिच्यावरचे डाग ओळखूं येतात.